व्हेक्टरची बेरीज: ‘किती’ पटकन येतं, ‘कुठे’ मात्र चुकतं

अकरावीच्या फिजिक्समधे सुरुवातीलाच एक प्रकार होतो, ३ आणि ४ ची बेरीज ५ येते. मग वर्गातलं कोणीतरी विचारतं की ७ का नाही, आणि उत्तर मिळतं “कारण ते व्हेक्टर आहेत”, जे खरं म्हणजे उत्तरच नाहीये. साधं असं आहे की एकाच वस्तूला ३ न्यूटन आणि ४ न्यूटन असे दोन जोर लावले तर एकूण जोर १ पासून ७ न्यूटनपर्यंत कितीही येऊ शकतो. दोन्ही एकाच बाजूला ओढतायत तर ७, समोरासमोर ओढतायत तर १, काटकोनात ओढतायत तर ५, आणि मधले सगळे कोन घेतले की मधली सगळी उत्तरं. म्हणजे नुसते आकडे दिले आणि दिशा दिली नाही तर ती बेरीज करताच येत नाही, मग कितीही हुशार असा.

हा १ ते ७ वाला हिशोब लक्षात ठेवा, कारण फुकटातली तपासणी आहे. दोन व्हेक्टरचं उत्तर त्यांच्या वजाबाकीपेक्षा लहान किंवा बेरजेपेक्षा मोठं आलं तर पुढे जायचंच नाही, कुठेतरी चुकलंय.

आता कुठलाही व्हेक्टर घ्या, त्याला दोन प्रश्न विचारायचे असतात, किती आणि कुठे. पहिल्याचं उत्तर म्हणजे मॅग्निट्यूड, पुस्तकातलं परिमाण, आणि दुसऱ्याचं म्हणजे दिशा. माझं मत असं की ‘किती’ सगळ्यांना जमतं, वर्गमूळ काढलं की झालं. मार्क जातात ते ‘कुठे’ मधे, आणि पुस्तकं नेमकं तिथेच एक ओळीचं सूत्र देऊन मोकळी होतात. म्हणून या लेखात ‘किती’ला थोडक्यात निपटवतो आणि दिशेवर जरा जास्त वेळ घालवतो.

आधी ते प्रसिद्ध सूत्र. व्हेक्टर कागदावर बाण म्हणून काढतात, बाणाची लांबी म्हणजे ‘किती’ आणि टोक म्हणजे ‘कुठे’. पी आणि क्यू असे दोन व्हेक्टर, दोघांच्या शेपट्या एकाच बिंदूत ठेवल्यावर मधला कोन थीटा, तर बेरजेचं मॅग्निट्यूड = √(पी² + क्यू² + २ × पी × क्यू × कॉस थीटा). समांतरभुज चौकोनाचा नियम म्हणतात तो हाच, न्यूटनने १६८७ च्या प्रिन्सिपियामधे गतीचे तीन नियम सांगून झाल्यावर पहिला उपसिद्धांत म्हणून हाच दिलाय, आणि त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १५८६ मधे, सायमन स्टीव्हिन नावाच्या माणसाने जोरांचा त्रिकोण वापरला होता. गंमत म्हणजे ‘व्हेक्टर’ हा शब्द आणि आजची लिहायची पद्धत यायला एकोणिसावं शतक उजाडलं, हॅमिल्टन, मग गिब्ज आणि हेविसाइड. म्हणजे लोक अडीचशे वर्षं व्हेक्टर मिळवत होते, त्याला व्हेक्टर न म्हणता.

या सूत्रात एक जागा आहे जिथे पोरं हमखास अडखळतात. त्रिकोणाच्या कॉसच्या नियमात ‘वजा २’ असतं आणि इथे ‘अधिक २’ कसं काय? कारण कोन वेगळा आहे. दुसरा बाण उचलून पहिल्याच्या टोकाला लावला की त्रिकोणाच्या आतला कोन थीटा राहत नाही, १८० वजा थीटा होतो, आणि कॉसचं चिन्ह पलटतं. त्यामुळे कोन मोजायच्या आधी बघायचं की दोन्ही बाणांच्या शेपट्या एकत्र आहेत का, की एकाच्या डोक्याला दुसऱ्याची शेपटी आहे. १० आणि १० न्यूटन, शेपट्यांमधे ६० अंश, उत्तर १७.३. तेच दोन, १२० अंश, उत्तर १०. ६० च्या जागी १२० धरला गेला तर १७.३ चं थेट १० होतं, आणि दोन्ही आकडे शून्य ते वीसमधे बसतात त्यामुळे आपली फुकटातली तपासणी पण काही बोलत नाही.

तर सूत्र चुकीचं नाहीये, पण मला ते फार आवडत नाही. कारण ते फक्त दोन व्हेक्टरसाठी आहे. तीन आले की आधी दोघांची बेरीज, मग तिची दिशा काढा, मग तिसऱ्याबरोबरचा कोन काढा, मग परत सूत्र, यात माणूस हरवतो. त्यापेक्षा कंपोनंटची पद्धत, पुस्तकी भाषेत घटक, एकदा हातात बसली की दोन असोत नाहीतर वीस, काम तेच.

कंपोनंटमधे काय करतो, तर प्रत्येक तिरक्या बाणाचे दोन तुकडे करतो, एक पूर्व-पश्चिम आणि एक उत्तर-दक्षिण. पुस्तकात एक्स आणि वाय लिहितात, मी मुद्दाम दिशांची नावं वापरतोय, का ते पुढे कळेल. पूर्व आणि उत्तर अधिक, पश्चिम आणि दक्षिण वजा. पूर्वेकडे कितीही ओढलं तरी वस्तू उत्तरेला एक मिलिमीटर पण सरकत नाही, म्हणजे हे दोन हिशोब एकमेकांत लुडबुड करत नाहीत, आणि म्हणूनच पूर्वेचे सगळे तुकडे साध्या बेरजेने एकत्र करता येतात आणि उत्तरेचे वेगळे. तिरक्या बेरजेचं रूपांतर दोन सरळ बेरजांमधे झालं, बास, सगळी युक्ती एवढीच.

कॉस कुठे आणि साइन कुठे, हा कायमचा गोंधळ. “एक्सला कॉस, वायला साइन” असं पाठ केलंय ना, ते फक्त कोन पूर्वेपासून मोजला असेल तरच खरं. गणितात लिहिलं असेल “उत्तरेपासून ३० अंश पूर्वेकडे” तर कॉस उत्तरेला जातो, कारण नियम खरा असा आहे की ज्या रेषेपासून कोन मोजलाय तिच्या वाट्याला कॉस, उरलेलीला साइन. एवढं एक वाक्य धरून ठेवलं तर अर्धी भांडणं मिटतात.

एक उदाहरण पूर्ण करूया. एका कडीला तीन दोऱ्या बांधल्यात. पहिली पूर्वेकडे २० न्यूटनने ओढते. दुसरी ३० न्यूटन, पूर्वेपासून डावीकडून मोजत गेलं तर १२० अंशावर. तिसरी २५ न्यूटन, २१० अंशावर. (डावीकडून म्हणजे घड्याळाच्या उलट, गणितवाले असंच मोजतात, होकायंत्रवाले वेगळं मोजतात, ती भानगड पुढे येतेच.)

पहिली सोपी, पूर्व २०, उत्तर ०. दुसरीचा पूर्व तुकडा ३० × कॉस १२० म्हणजे उणे १५, उत्तर तुकडा ३० × साइन १२० म्हणजे २५.९८. तिसरीचा पूर्व तुकडा २५ × कॉस २१० म्हणजे उणे २१.६५, उत्तर तुकडा उणे १२.५. आता पूर्वेची बेरीज २० − १५ − २१.६५ = −१६.६५ आणि उत्तरेची ० + २५.९८ − १२.५ = १३.४८. ‘किती’ साठी पायथागोरस, √(१६.६५² + १३.४८²) म्हणजे साधारण २१.४ न्यूटन. झालं की. तीन दोऱ्यांचे मिळून ७५ न्यूटन लावले आणि हातात आले २१.४, बाकीचे एकमेकांना खाऊन गेले.

आता ‘कुठे’. सूत्र म्हणतं टॅन इन्व्हर्स, म्हणजे भागाकारावरून कोन काढणारं बटण, आणि भागाकार कसला तर उत्तर दिशेचा तुकडा भागिले पूर्वेचा. १३.४८ भागिले −१६.६५ म्हणजे −०.८१, कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स दाबलं, उत्तर −३९ अंश. बहुतेक जण हे लिहितात आणि पुढच्या गणिताकडे वळतात.

थांबा जरा. −३९ अंश म्हणजे पूर्वेपासून उजवीकडे ३९, म्हणजे आग्नेय. आणि आपल्या बेरजेत पूर्वेचा तुकडा उणे आहे, म्हणजे पश्चिम, आणि उत्तरेचा अधिक, म्हणजे उत्तर. पश्चिम आणि उत्तर मिळून काय होतं? वायव्य. कॅल्क्युलेटरने दिशा बरोब्बर उलटी सांगितली, नेमकी १८० अंशांनी.

यात कॅल्क्युलेटरचा दोष नाहीये. आपण त्याला दिला फक्त भागाकार, −०.८१. तो उणे वरच्या आकड्यातून आला की खालच्या, हे भागाकार केल्या क्षणी पुसलं गेलं, आता त्या बिचाऱ्याला कसं कळणार. मग तो काय करतो, नेहमी −९० ते +९० मधलंच उत्तर देतो, म्हणजे त्याच्या जगात पश्चिम नाहीच. आपला बाण पूर्वेच्या अर्ध्यात असेल तर उत्तर बरोबर, पश्चिमेच्या अर्ध्यात असेल तर १८० मिळवायचे. इथे −३९ + १८० = १४१ अंश. किंवा सरळ शब्दात, पश्चिमेपासून ३९ अंश उत्तरेकडे.

आणि आता कळलं असेल की मी दिशांची नावं का धरून बसलोय. इंग्रजी पुस्तकात पहिला क्वाड्रंट, दुसरा क्वाड्रंट असं असतं आणि कुठला कितवा ते आठवत बसावं लागतं. आपल्याकडे कोपऱ्यांना आधीपासून नावं आहेत, कॅलेंडरमधे, वास्तूवाल्यांकडे, हवामानाच्या बातम्यांमधे, सगळीकडे. दोन्ही अधिक असेल तर ईशान्य, पूर्व उणे उत्तर अधिक तर वायव्य, दोन्ही उणे तर नैऋत्य, पूर्व अधिक उत्तर उणे तर आग्नेय. बेरजा झाल्या की टॅनच्या बटणाला हात लावायच्या आधी कागदावर तो एक शब्द लिहायचा, “वायव्य”, आणि मग कॅल्क्युलेटर काहीही म्हणो, उत्तर वायव्येत बसलं पाहिजे.

सगळ्यात लबाड कोपरा नैऋत्य. समजा बेरीज आली पूर्व −३०, उत्तर −४०. उणे भागिले उणे अधिक झालं, टॅन इन्व्हर्सचं उत्तर येतं ५३ अंश, छान, स्वच्छ, अधिक, क्लासमधे पाठ करून घेतलेला ३-४-५ वाला ५३, संशय येण्यासारखं काहीच नाही. पण ५३ म्हणजे ईशान्य. खरं उत्तर २३३. वायव्येत निदान उणे चिन्ह बघून माणूस दचकतो तरी, इथे तेवढं पण नाही.

बोर्डाच्या सूत्रात, म्हणजे टॅन अल्फा = क्यू साइन थीटा भागिले (पी + क्यू कॉस थीटा) मधे (अल्फा म्हणजे पी आणि बेरजेचा बाण यांच्यातला कोन), हाच सापळा लपलेला आहे. पी २, क्यू ६, कोन १२० घ्या. खाली येतं २ − ३ = −१, वर येतं ५.२, मॅग्निट्यूड ५.२९, आणि टॅन इन्व्हर्स देतं −७९. अल्फा उणे कसा असेल, बेरजेचा बाण दोघांच्या मधेच असला पाहिजे ना. खरा अल्फा १०१ अंश. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून तिथे कोन मुद्दाम सोपे देतात आणि हे फारसं वर येत नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर येतं.

दोन छोट्या गोष्टी इथेच सांगून टाकतो. पूर्वेचा तुकडा नेमका शून्य आला तर भागाकारच होत नाही, कॅल्क्युलेटर एरर दाखवतो, घाबरायचं काही नाही, बाण सरळ उत्तरेला नाहीतर सरळ दक्षिणेला आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि दोन्ही शून्य आले तर दिशा नावाची गोष्टच नाही, सगळे जोर संतुलित आहेत. दुसरं म्हणजे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनमधे, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, अडकलाय का ते बघायचं, साइन ३० दाबा, ०.५ आलं तर ठीक, −०.९८८ आलं तर आत्तापर्यंत केलेलं सगळं परत करा.

आता जिथे दिशा चुकणं परवडत नाही अशी जागा, विमान. मुंबईहून एक छोटं चार सीटचं विमान जुलैमधे सरळ पश्चिमेकडे नाक करून निघालंय, हवेच्या तुलनेत वेग ताशी २०० किलोमीटर, आणि वारा नैऋत्येचा, ताशी ४०. जमिनीवरून, म्हणजे इथे समुद्रावरून, बघितलं तर ते किती वेगाने आणि कुठे चाललंय?

पहिला सापळा वाऱ्यातच आहे. नैऋत्य मोसमी वारा नैऋत्येकडे जात नाही, नैऋत्येकडून येतो. वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचं नाव देतात, त्यामुळे त्याचा बाण काढायचा ईशान्येकडे. समुद्राच्या प्रवाहाचं नेमकं उलटं, प्रवाहाला तो जिकडे जातो त्या दिशेचं नाव. म्हणजे नैऋत्येचा वारा आणि ईशान्येचा प्रवाह हे दोघं एकाच बाजूला ढकलतायत. हे कोणी मुद्दाम ठरवून त्रास द्यायला केलं असावं असंच वाटतं कधीकधी.

तर वाऱ्याचे तुकडे, ४० × कॉस ४५ = २८.३ पूर्वेला आणि तेवढेच उत्तरेला. विमानाचे, पूर्व −२००, उत्तर ०. बेरीज, पूर्व −१७१.७, उत्तर २८.३. वेग √(१७१.७² + २८.३²) = १७४. दिशेसाठी आधी शब्द लिहा, पूर्व उणे, उत्तर अधिक, वायव्य. मग टॅन इन्व्हर्स, −९.४ अंश. विमान अरबी समुद्रावर चाललंय आणि कॅल्क्युलेटरच्या मते ते साधारण माथेरानच्या अंगाने सह्याद्रीकडे येतंय! १८० मिळवले की १७०.६, म्हणजे पश्चिमेपासून ९.४ अंश उत्तरेकडे सरकलेलं.

पायलटला हा १७०.६ सांगून उपयोग नाही, कारण होकायंत्राचा शून्य उत्तरेला असतो आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. बदलायचं कसं, तर ९० मधून आपला कोन वजा करा, उणे आलं तर ३६० मिळवा. ९० − १७०.६ = −८०.६, अधिक ३६० म्हणजे २७९.४. पश्चिम म्हणजे २७०, त्याच्या पुढे ९.४, जमलं. उत्तर म्हणून नुसता कोन लिहिणं म्हणजे पत्ता लिहिताना गावाचं नाव गाळण्यासारखं आहे, कुठून मोजला आणि कुठल्या बाजूला मोजला हे लिहिलं नाही तर १७०.६ आणि २७९.४ ही एकच दिशा आहे हे समोरच्याला कळणार कसं.

आणि एका तासाने हे विमान ठरलेल्या रेषेपासून २८ किलोमीटर उत्तरेला असेल. सरळ पश्चिमेला जायचं असेल तर नाक थोडं दक्षिणेकडे वळवून उडावं लागतं, इतकं की विमानाचा दक्षिणेचा तुकडा वाऱ्याच्या उत्तरेच्या तुकड्याला पुरता खाऊन टाकेल. नाक जितकं वळवायचं त्या कोनाला इथे अल्फा म्हणू, २०० × साइन अल्फा = २८.३, म्हणजे अल्फा ८.१ अंश. नाक २७० ऐवजी २६२ वर, आणि जमिनीवरचा वेग १९८ − २८.३ म्हणजे १७० च्या आसपास. लक्षात आलं का, ९.४ ने वाहवत होतं म्हणून ९.४ ने वळवायचं असं नाहीये, ८.१ ने वळवायचं. नाक वळवलं की त्रिकोणच बदलतो. इथे बेरीज उलटी सोडवली, उत्तराची दिशा आधी ठरवली आणि त्यातून एक बाण शोधला.

मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे आकडे ०९ आणि २७ आहेत, ते हेच होकायंत्राचे अंश, शेवटचा शून्य काढलेले, साधारण ९० आणि साधारण २७०. एकच पट्टी, दोन टोकं, फरक १८०. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो तेव्हा विमानं शक्यतो २७ वरून, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उडतात, कारण समोरून येणारा वारा टेकऑफला मदतच करतो. नैऋत्येचा ४० चा वारा असेल तर त्यातले २८ समोरून आणि २८ डावीकडून आडवे. ते आडवे २८ पायलटला सांभाळावे लागतात, आणि प्रत्येक विमानाला किती आडवा वारा झेपतो याची मर्यादा असते. म्हणजे टॉवरकडून वाऱ्याची दिशा आणि वेग कळला की त्याचे धावपट्टीच्या हिशोबाने दोन तुकडे करणं हे रोजचं काम. इथे पूर्व-उत्तर धरून बसायची पण गरज नाही, कुठल्याही दोन काटकोनातल्या रेषा चालतात, धावपट्टीच्या बाजूने एक आणि तिला आडवी एक.

तिसरी मिती आली, वर-खाली, तर मॅग्निट्यूडमधे वर्गमुळाखाली अजून एक वर्ग मिळवायचा, आणि दिशेला एक कोन पुरत नाही. तो वेगळा विषय आहे, इथे नको.

आता हे सगळं हाताने करत बसायचं नसेल तर सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ‘पोल’ नावाचं फंक्शन असतं, कॅसिओवाल्यांकडे असतंच, दोन तुकडे द्या, मॅग्निट्यूड आणि कोन दोन्ही देतो आणि कोपरा पण नीट ओळखतो, कारण त्याला भागाकार नाही, दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात. प्रोग्रॅमिंगमधे त्याच कामासाठी ‘एटॅन-टू’ आहे. पण त्यात एक मेख आहे. पायथनमधे आधी उत्तरेचा तुकडा द्यायचा, मग पूर्वेचा. एक्सेलमधे आधी पूर्वेचा, मग उत्तरेचा. नाव तेच, क्रम उलटा, आणि चुकलं तर कुठलाही एरर येत नाही, नुसता चुकीचा कोन येतो. दोन्हीकडे उत्तर रेडियनमधे मिळतं, अंश हवे असतील तर ५७.३ ने गुणा. नवीन शीट किंवा कोड लिहिला की आधी पूर्व १ आणि उत्तर ० टाकून बघायचं, ० आलं तर पुढे जा, १.५७ आलं तर दोन आकड्यांची अदलाबदल करा.